मधला खटका

पावसाळाभर इकडे फिरकलो नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग धानाची कामं, मग... असो. कारणं सांगत बसलो तर वर्गातल्या गैरहजर पोरांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला!

आजचं लिहिण्याआधी मात्र मुलाची परवानगी घेतली आहे. तो पुण्याला असतो, हा ब्लॉग वाचतो, पण प्रतिक्रिया कधी देत नाही. "लिहा, फक्त माझं नाव नको," एवढंच म्हणाला. म्हणून या लेखात घरच्या कोणाचंच नाव नाही. नातेवाईक मंडळी ओळखतीलच. त्यांनी खाली प्रतिक्रियांत नाव फोडू नये, ही हात जोडून विनंती.

तर झालं असं. माझ्या मुलीचा मुलगा वडशाला राहतो. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. आमच्या ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की आलंच. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ती राजधानी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा आमच्याकडचा भाग, एवढ्या टापूला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. धान घरात आलेलं असतं, पाव्हणे आलेले असतात. दिवसा शंकरपट (मधली काही वर्षं बंदी होती, आता पुन्हा सुरू आहे) आणि रात्री नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. २०२३ साली आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्यामुंबईकडच्या पुष्कळांना आमचा पत्ता सापडला.

या नाटकांत संगीतवाले रंगमंचासमोर बसतात. ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. बेस गिटार तिथे मी तरी पाहिलेली नाही. पण नातवाच्या डोक्यात ते शिरलं. एका कंपनीतला ऑर्गनवाला त्याच्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, "आण तर खरी, पाहू." आणि पोराला आठवलं, की मामाची एक बेस गिटार आबाजींच्या माळ्यावर पडलेली आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो आला, शिडी लावली आणि काळी लांबट पेटी खाली काढली. वर पंचवीस वर्षांची धूळ. पेटीकडे पाहून ही स्वयंपाकघरात निघून गेली. मी चष्मा पुसत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चार, आणि जाड. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे आपल्या पेटीच्या खर्जाच्याही खाली. गाण्यात ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर गाणं पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवत. ती गाणी चांगल्या स्पीकरवर ऐकून पाहा, मग कळेल मी काय म्हणतो ते. अशी गिटार १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! मला या माणसाबद्दल फार आपुलकी आहे. मीही मराठी माध्यमातून बीए झालेला मास्तर, आणि फावल्या वेळात रेडिओ उघडणारा.

तारांच्या खाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते, तीच पुढे अँप्लिफायरला जाते. एक पिकअप पुढे, मानेजवळ, एक मागे. कोणता चालू ठेवायचा ते ठरवायला तीन जागांचा एक खटका. पुढचा, मागचा, आणि मधे ठेवला तर दोन्ही.

नातवानं नागपूरहून नव्या तारा आणल्या होत्या. त्या चढवल्या, शेजाऱ्यांचा भजनी मंडळाचा आहुजा अँप्लिफायर मागून आणला, केबल लावली. "आबाजी, आवाजच येऊन नाही रायला."

इथे मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. निवृत्त माणसाला बिघाडासारखं सुख नाही.

माझा नियम असा, की संशय आधी सर्वांत स्वस्त वस्तूवर घ्यावा. म्हणजे केबल. ती बदलून पाहिली, फरक नाही. मग जॅक. आतलं स्प्रिंगचं पान सैल पडलं होतं, ते जरा आत वाकवलं. लगेच खरखर सुरू झाली! खरखर म्हणजे जिवंतपणाचं लक्षण. व्हॉल्यूमचे कंट्रोल इकडून तिकडे तीस-चाळीस वेळा फिरवले, तेव्हा निम्मी खरखर गेली. उरलेली खटक्यात होती. त्याची पाती काळी पडली होती. अशा वेळी चाकूनं खरवडू नये, वरचा मुलामा जातो. मी जुन्या पोस्टकार्डाची अरुंद पट्टी कापली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि पात्यांमध्ये सरकवून हळूहळू ओढली. तीन पट्ट्या काळ्या झाल्या, चौथी पांढरी निघाली. पोस्टकार्डाचा एवढा चांगला उपयोग हल्ली दुसरा नाही.

आवाज आला. पुढच्या खटक्यावर गोल, भरीव. मागच्यावर जरा कडक. नातू खूश. मग त्यानं खटका मधे ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"आबाजी, मधल्यावर पोकळ येते."

मंडळी, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शब्दसुद्धा तोच. पोकळ.

खरं तर मधे दोन्ही पिकअप मिळून आवाज दांडगा यायला हवा. येत होता तो डब्यावर टिचकी मारल्यासारखा. वरची टणटण होती, खालचा खर्ज गायब. नातवाकडे आकडे दाखवणारं नवं मीटर आहे. त्यानं केबलच्या टोकाला लावून रोध मोजला. पुढचा पिकअप ७.८ किलोओहम, मागचा ८.२, आणि मधे दोन्ही मिळून ४ च्या किंचित आत. दहावीचं समांतर जोडणीचं सूत्र आठवतं का? गुणाकार भागिले बेरीज. ६३.९६ भागिले १६. चारच यायला हवे.

"मीटर तर बरोबर दाखवते," नातू म्हणाला.

हेही वाक्य मी ऐकलेलं होतं. किंबहुना, ते माझंच होतं.

१९९८ सालची गोष्ट. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. त्या काळी खाणींच्या वसाहती, थर्मल पॉवरची कॉलनी, बल्लारपूरकडे पेपर मिलची वसाहत, सगळीकडे गणपतीत ऑर्केस्ट्रा लागत. ही गिटार त्यानं शिकवण्या करून, जुनीच, विकत घेतली होती. गणपतीच्या पंधरा दिवस आधी खटका तुटला. मी नागपूरला सीताबर्डीवरून दुसरा आणला आणि स्वतः बसवला. मागच्या पिकअपच्या वायरी आखूड पडत होत्या, त्यांना माझ्याकडची वायर जोडली. मीटर लावलं. पुढे आठच्या आसपास, मागे आठच्या आसपास, मधे चार. पसंत!

गणपतीत एका कोळसा खाणीच्या वसाहतीत त्यांचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर ऑर्केस्ट्राचे प्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोट्टा तालात पक्का आहे, पण हातात वजन नाही. खालून जो आधार लागतो तो येऊन नाही रायला." सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मूलच्या स्टँडवर चहा घेताना मुलगा म्हणाला, "बाबा, मधल्या खटक्यावर आवाज पोकळ येतो. आधी असा नव्हता."

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं. "वायरिंग मी स्वतः तपासलं आहे. मीटर खोटं बोलत नाही. दोष बोटांत आहे, रियाज वाढव."

तो काही बोलला नाही. आमच्या घरात खटके उडत नाहीत, हा माझ्या अभिमानाचा विषय होता. दिवाळीनंतर ऑर्केस्ट्रानं दुसरा मुलगा घेतला. यानं गिटार पेटीत ठेवली, पेटी माळ्यावर गेली. पुढे तो पुण्याला गेला, नोकरीला लागला, चांगलं चाललं आहे त्याचं. मला वाटलं, खूळ गेलं, बरं झालं. आपल्याकडे बापांना असं वाटतं.

आता पुन्हा दसऱ्याच्या त्या रविवारकडे येतो. नातू जेवायला बसला आणि मी गिटारीकडे पाहत बसलो. दोन पिकअप वेगवेगळे ठीक, एकत्र आले की खर्ज जातो. मीटर म्हणतं सगळं बरोबर. आणि पंचवीस वर्षांच्या अंतरानं दोन पोरांचे कान म्हणतात, पोकळ.

तेव्हा मला शाळेतलं कपाट आठवलं.

मी गडचिरोलीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. लागलो तेव्हा ती चंद्रपूर जिल्ह्यात होती, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. मी जागचा हललो नाही, जिल्हा बदलला! विज्ञानाचा शिक्षक तिकडे यायला तयार नसायचा. आला तरी बदली करून घ्यायचा. म्हणून मराठीबरोबर विज्ञानही कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात होतं. मला त्यातला एक प्रयोग फार आवडायचा. बांबूच्या पोंगळीवर तांब्याची तार गुंडाळायची, तिची टोकं गॅल्व्हानोमीटरला जोडायची आणि प्रयोगपेटीतला पट्टीचुंबक पोंगळीत घालायचा. काटा उजवीकडे उडतो. बाहेर काढला की डावीकडे. फॅरेडेनं हे १८३१ साली शोधून काढलं. आणि मग मी पोरांना विचारायचो, "आता मी तारेची टोकं उलटी जोडली तर?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "काटा उलटा जाईल गुरुजी!"

सगळ्या वर्गाला माहीत होतं. गुरुजींना स्टँडवर चहा पिताना आठवलं नाही.

माझं जुनं काट्याचं मीटर कपाटात होतं. तेच, १९९८ चं. सेल नवे घातले, पण रोध मोजायला नाही. सर्वांत लहान मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर ठेवलं. (या पट्टीला सेल लागतच नाहीत, सवयीनं घातले!) केबलच्या टोकाला दोन्ही पिना लावल्या, व्हॉल्यूम पूर्ण उघडले. खटका पुढे केला आणि पुढच्या पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरचं लोखंडी टोक टेकवलं. काटा किंचित उजवीकडे उडाला, उचललं तर डावीकडे. आता खटका मागे. मागच्या पिकअपवर टोक टेकवलं.

डावीकडे.

मी पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

म्हणजे एक पिकअप "वर" म्हणत होता तेव्हा दुसरा "खाली" म्हणत होता. मोठा, खालचा कंप तारेला जवळजवळ अखंड एका बाजूला नेतो, तो दोन्ही पिकअपांना सारखाच दिसतो. एकातून दुसरा वजा झाला की उरतं फार थोडं. वरचे बारीक कंप तारेचे तुकडे पाडून चालतात. पुढे एक दिशा असेल तर मागे भलतीच, म्हणून ते वजाबाकीतून वाचतात. राहिली ती टणटण. हीच युक्ती जाणूनबुजून वापरली तर फायद्याची असते. काही पिकअपांत दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळून विजेची घरघर एकमेकांत मारून टाकतात आणि गाणं वाचवतात. माझ्या हातून घरघर तेवढी राहिली आणि गाणं मारलं गेलं.

आणि रोध? त्याला दिशा नसते. वायर सुलटी लावा की उलटी, आठ ते आठच. मीटर खोटं बोललं नव्हतं. मी त्याला दिशा विचारलीच नव्हती, आणि ज्याला ऐकू येत होतं त्याला गप्प केलं होतं.

मागचं झाकण उघडलं. आतलं सोल्डरिंग कोणाचं ते सांगायला मला वेळ लागला नाही. तीस-पस्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला अक्षर ओळखता येतं. ते माझं अक्षर होतं. गरजेपेक्षा जास्त शिसं, टाक्याला शेपटी, आणि जुन्या रेडिओतून काढलेली पिवळी स्लीव्ह. स्लीव्ह ब्लेडनं कापली तेव्हा आत काळी आणि पांढरी अशा पिकअपच्या मूळच्या दोन वायरी दिसल्या. मी दोन्हींना लालच वायर जोडली होती, कारण माझ्याकडे लालच होती. वर पिवळी स्लीव्ह चढवली आणि कोणती कुठली ते झाकून गेलं. मग जी हाताला आली ती खटक्याला, उरलेली जमिनीला. पन्नास टक्के संधी होती. चुकलो.

नातवाला सगळं सांगितलं. मामाचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाववेना. तो भाताचा हात धुऊन आला होता. म्हणाला, "मग उलट्या करा ना आबाजी, त्यात काय!"

माझा हात आता थरथरतो. सोल्डरिंग त्यानंच केलं, मी टॉर्च धरला. "फुंकर मारू नको, टाका आपोआप थंड होऊ दे," एवढीच माझी मास्तरकी. पुन्हा काट्याचं मीटर लावलं. पुढे उजवीकडे, मागेही उजवीकडे. मग अँप्लिफायर लावून खटका मधे केला आणि त्यानं जाड तार सोडली.

कसं सांगू... खिडकीची काच बोलली. आतून हिची हाक आली, "काय पडलं जी?"

आवाज तर मिळाला. तो नातू घेऊन जाईल. रात्रीच्या नाटकानंतर जंगलातल्या रस्त्यानं मोटारसायकलवर यायचं नाही, उजाडेपर्यंत तिथेच थांबायचं, अशी शपथ घेतली आहे. ब्रह्मपुरीकडच्या लोकांना वाघाबद्दल वेगळं सांगायला नको. पण मुलाला काय सांगायचं? तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवला. कोणी म्हणेल, जुनी गोष्ट, एक गिटार ती. मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलं. तो मोठा वादक झालाच असता असं काही नाही. कदाचित वर्षभरात स्वतःहून सोडलं असतं. पण मग ते त्यानं सोडलं असतं.

बुधवारी रात्री फोन केला. हालहवाल झाली. मग म्हणालो, "१९९८ ला तू म्हणत होतास ते बरोबर होतं. मागच्या पिकअपच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कमी झाला.

"दोन्ही? अदलाबदल?"

"हो."

"हं." बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "मी नंतर पुढच्या खटक्यावर वाजवायला लागलो होतो बाबा. पण ते म्हणायचे, सगळ्यांत मिसळून जातं, ऐकू येत नाही. मला वाटलं, खरंच बोटांतच नसेल."

"मला बोलला नाहीस रे."

"बोललो होतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकलो म्हणालो. विद्यार्थ्यांना हा शब्द हजार वेळा लिहायला लावला असेल, स्वतः म्हणायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली. तो "जाऊ द्या हो" म्हणाला नाही. ते मला बरं वाटलं. पुढे एवढंच म्हणाला, "वाजवून दाखवायला सांगा ना त्याला."

नातू त्या दिवशी नेमका घरीच होता. त्यानं अँप्लिफायरसमोर फोन धरून खटका मधे ठेवला आणि दोन मिनिटं वाजवलं. इकडे घर घुमत होतं. तिकडून मुलगा म्हणाला, "काहीच कळून नाही रायलं. बोटांची टकटक तेवढी येते." बरोबरच आहे. मोबाईलचं ते इवलंसं स्पीकर, ४१ वेळा हलणारी हवा त्यातून कशी जायची! दुरुस्त झालं तेवढंच नेमकं त्याला ऐकू येत नव्हतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "भाऊबीजेला ताईकडे यायचंच आहे. तेव्हा ऐकतो." आणि फोन ठेवता ठेवता, "पट्टा आहे का तिचा? चामड्याचा होता."

पेटीत पाहिलं. पट्टा उंदरांनी कुरतडला आहे. आज बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडे नवा टाकला. सोमवारी देतो म्हणाला.